बिट वाढले म्हणून रंगांचा पल्ला वाढत नाही

दिवाळीच्या खरेदीचा हंगाम जवळ आला की ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून वाशीपर्यंतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा : ८ बिटचा टीव्ही १ कोटी ६७ लाख रंग दाखवतो आणि १० बिटचा १०७ कोटी, म्हणून १० बिटच्या टीव्हीवर ६४ पट जास्त, अधिक गडद रंग मिळतात, नेहमीची चॅनेलही मग त्याच रंगांत दिसतात, खोक्यावर ‘एचडीआर’ (उजेडाचा अधिक मोठा आवाका दाखवणारे तंत्र) आणि ‘१०० टक्के’ लिहिलेले असले की डोळे झाकून घ्यावा. त्यावरचे ठरलेले उत्तरही तितकेच लोकप्रिय आहे : माणसाच्या डोळ्याला जेमतेम एक कोटी रंग ओळखता येतात, तेव्हा ८ बिट पुरेत, बाकी सगळी जाहिरातबाजी.

पहिल्या संदेशातला हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. प्रत्येक रंगाच्या किती पायऱ्या मोजता येतात, हे बिट सांगतात : लाल, हिरवा आणि निळा यांच्या ८ बिटमध्ये मिळणाऱ्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरल्या तर गुणाकार १ कोटी ६७ लाखांवर जातो आणि १० बिटमधल्या १०२४ धरल्या तर १०७ कोटींवर. मात्र या सगळ्या पायऱ्या काळ्यापासून त्या पडद्याच्या सर्वांत लाल लालापर्यंतच्याच असतात आणि तो लाल किती शुद्ध असावा, हे बिट ठरवत नाहीत. एलसीडी टीव्हीत ते बॅकलाइट आणि रंगांचे फिल्टर ठरवतात. निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेल्या साध्या बॅकलाइटमधून शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा प्रकाश पुरेसा मिळतच नाही. क्वांटम डॉट, म्हणजे शुद्ध रंगाचा प्रकाश देणारे अतिसूक्ष्म कण, वापरले की तो मिळतो आणि रंगांचा पल्ला, म्हणजेच गॅमट, वाढतो. एचडीसाठीचे बीटी.७०९ हे मानक १९३१ च्या सीआयई रंगनकाशाचा, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या सगळ्या रंगांच्या नकाशाचा, सुमारे ३६ टक्के भाग व्यापते, तर २०१२ मध्ये आलेले अल्ट्रा एचडीसाठीचे बीटी.२०२० सुमारे ७६ टक्के. बीटी.७०९ मधले चित्रही १० बिटमध्ये साठवता येते आणि रुंद गॅमटचा पॅनेल, म्हणजे टीव्हीचा पडदा, ८ बिटचाही असू शकतो. गडकरी रंगायतनात पेटीची साथ ऐकणाऱ्याला हा फरक सांगावा लागणार नाही : पेटीला सप्तके किती हा एक प्रश्न आणि तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, का निघत नाही हा निराळा.

उलट पल्ला वाढवून बिट तेवढेच ठेवले, तर त्याच २५६ पायऱ्या लांब अंतरावर पसरतात आणि प्रत्येक पायरी मोठी होते. एचडीआरमध्ये उजेडाचा आवाकाही वाढतो. त्यासाठी २०१४ मध्ये मानक ठरलेला पीक्यू वक्र, म्हणजे सिग्नलच्या कोणत्या पायरीला किती उजेड हे ठरवणारा नियम, १०,००० निटपर्यंत (निट हे उजेडाचे एकक) जातो, आणि म्हणूनच एचडीआर१० या एचडीआरच्या प्रकारामध्ये १० बिट ही चैन नसून गरज आहे. ‘डोळ्याला एक कोटीच रंग’ हा युक्तिवाद इथेच कोसळतो, कारण प्रश्न एकूण संख्येचा नसून शेजारच्या दोन पायऱ्यांमधल्या फरकाचा आहे. १ कोटी ६७ लाखांपैकी कित्येक छटा डोळ्याला एकसारख्याच वाटतात आणि तरीही अंधाऱ्या, संथ बदलणाऱ्या भागात लगतच्या दोन छटा वेगळ्या दिसतात. येऊरच्या डोंगरामागे सूर्य गेल्यावरचे आकाश घ्या. ३८४० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर त्याचा उजेड ८ बिटच्या ४० पायऱ्यांनी बदलत असेल, तर प्रत्येक पट्टा ९६ पिक्सेलचा होतो आणि पट्ट्यांच्या कडा दिसू लागतात. १० बिटमध्ये त्याच जागेत १६० पायऱ्या बसतात, पट्टा २४ पिक्सेलवर येतो आणि शेजारच्या पट्ट्यांमधला फरकही चौथाई होतो. हेही सांगितले पाहिजे की पायऱ्या झपाट्याने आलटून-पालटून मधली छटा भासवणारे, ‘८ बिट अधिक एफआरसी’ म्हणून विकले जाणारे पॅनेल हे काम बऱ्यापैकी निभावतात. केवळ तेवढ्यासाठी मी एखादा टीव्ही नाकारणार नाही.

नेहमीच्या चॅनेलविषयीचा दावा तर निराधारच आहे. केबल आणि डीटीएचवरचे एचडी प्रक्षेपण साधारणपणे ८ बिटचे आणि बीटी.७०९ मधले असते. साधी ब्लू-रे डिस्कही तशीच, १० बिट येतात ते ४के ब्लू-रेमध्ये. जी पायरी सिग्नलमध्येच नाही, ती टीव्ही फार तर अंदाजाने भरून काढतो. गोखले रोडवरच्या दुकानात ‘व्हिव्हिड’ मोडवर लावलेल्या टीव्हीसमोर उभे राहून वृत्तनिवेदिकेचा चेहरा नीट पाहा : गाल शेंदरी झालेले असतात आणि ओठ लालभडक. हा बीटी.७०९ चा रंग पॅनेलच्या पूर्ण पल्ल्यापर्यंत ताणल्याचा परिणाम आहे. नीट जुळवलेला रुंद गॅमटचा टीव्ही हेच चॅनेल जुन्या टीव्हीइतकेच सौम्य दाखवतो, आणि ग्राहक नेमका त्यालाच ‘फिका’ म्हणून नापसंत करतो.

खोक्यावरच्या ‘एचडीआर’चा अर्थ अनेकदा एवढाच असतो की टीव्ही तो सिग्नल स्वीकारतो, तो पुरेशा उजेडात आणि रंगांत दाखवतो, असा नव्हे. ‘१०० टक्के’ हा आकडा बीटी.७०९ चा असू शकतो किंवा डिजिटल सिनेमासाठीच्या डीसीआय-पी३ या मानकाचा, आणि या दोहोंत मोठे अंतर आहे. शिवाय तो निव्वळ क्षेत्रफळाचा असेल, तर रंगनकाशावर पॅनेलच्या लाल, हिरव्या आणि निळ्यामुळे बनणारा त्रिकोण लालाकडे पुढे गेलेला आणि हिरव्याकडे कमी पडलेला असूनही बेरीज १०० भरते. म्हणून विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात : टक्के कोणत्या मानकाचे आणि ते क्षेत्रफळाचे आहेत की त्या मानकातला प्रत्यक्ष व्यापलेला भाग सांगतात.