‘पुरस्कारांची यादी घ्या आणि वरून खाली वाचा’ हा सल्ला का फसतो

एक सल्ला सतत फिरत असतो: ‘पुढे कोणती मराठी कादंबरी वाचू, हा प्रश्नच नाही. साहित्य अकादमी आणि ज्ञानपीठाची यादी उघडा, वरून खाली वाचत या. पुरस्कार नसलेलं नंतर.’ यातलं एकेक म्हणणं तपासू.

‘यादीत कादंबऱ्या मिळतात.’
मिळतात, पण कमी. अकादमी वर्षाला मराठीतलं एकच पुस्तक निवडते आणि ते कुठल्याही साहित्यप्रकारातलं असू शकतं. 1955 चा पहिला पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ला, पुढचा मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ला. पहिली कादंबरी येते 1960 मध्ये, खांडेकरांची ‘ययाति’. याच यादीतलं ‘काजळमाया’ कथासंग्रह आहे, ‘नटसम्राट’ नाटक. कादंबरीसाठी निघालेला नवा वाचक या क्रमाने गेला तर सुरुवातीलाच थकतो.

‘लेखकाचं पुरस्कार मिळालेलं पुस्तक आधी.’
भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी 1963 ची; त्यांना अकादमी मिळाली ती ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथाला. ‘कोंडुरा’ ही कादंबरी लिहिणाऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांना मिळाली कवितेसाठी, ‘नक्षत्रांचे देणे’ला. गो. नी. दांडेकरांना ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनाला. श्री. ना. पेंडशांची ‘रथचक्र’ यादीत आहे आणि ती थोर आहेच, तरी त्यांच्या कोकणात शिरायला ‘गारंबीचा बापू’ (1952) जास्त सोपी वाट. मग ‘रथचक्र’, आणि दोन जाडजूड खंडांची ‘तुंबाडचे खोत’ त्यानंतरच.

ज्ञानपीठाचं आणखी वेगळं. 1982 पासून तो एका पुस्तकाला नव्हे, लेखकाच्या एकूण कामगिरीला दिला जातो. म्हणून 2014 चा नेमाड्यांचा ज्ञानपीठ पाहून थेट त्यांची ‘हिंदू’ ही कादंबरी उचलू नका, आधी ‘कोसला’. ज्ञानपीठ मिळालेले कुसुमाग्रज आणि विंदा करंदीकर तर मुख्यतः कवी.

‘पुरस्कार नाही म्हणजे दुय्यम.’
हे सगळ्यात घातक. अकादमी स्थापन झाली 1954 मध्ये आणि ठरावीक अलीकडच्या वर्षांतलीच पुस्तकं विचारात घेते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ एकोणिसाव्या शतकातली, ती तिथे असणारच कशी? विभावरी शिरूरकरांची ‘बळी’, उद्धव शेळक्यांची ‘धग’, भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ यांपैकी एकही अकादमीच्या यादीत नाही. या तिन्ही वगळून मराठी कादंबरी कळली असं आम्ही तरी म्हणणार नाही. उलट, नंदा खरे यांच्या ‘उद्या’ला अकादमी जाहीर झाली आणि त्यांनी ती नाकारली.

मग निवडायचं कसं? एक प्रदेश किंवा एक प्रश्न धरा आणि जुनं-नवं जोडीने वाचा. वऱ्हाड घेतलं तर ‘धग’ (1960) आणि तिच्यानंतर सदानंद देशमुखांची ‘बारोमास’, जिला 2004 ची अकादमी आहे. ‘धग’मधल्या कौतिकचं दारिद्र्याशी झुंजणं वाचल्यावर ‘बारोमास’मधली शेतकऱ्याची कोंडी जास्त खोल लागते. ‘धग’ अर्धवट सुटते ती बहुधा वऱ्हाडी संवादांमुळे. पहिली 25 पानं मोठ्याने वाचा, शब्दाशब्दाला अडू नका. तेच शब्द पुन्हापुन्हा येतात आणि संदर्भाने उलगडतात.

जुनी कादंबरी विकत घेताना संक्षिप्त आवृत्ती नाही ना, हे आतल्या पानावर पाहा. मालिकेतलं पुस्तक असेल तर क्रमही तपासा: नेमाड्यांचं चार कादंबऱ्यांचं चतुष्टय ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ असं आहे. ग्रंथालयात नेमकी ‘झूल’ हाती लागली, तर ती ठेवून ‘बिढार’साठी नंबर लावा.