मतदान कशाला, पावती आहे ना!

स्वतःची मान्यताप्राप्त युनियन काढायची असेल तर आधी डोक्यातून ते गुप्त मतदानाचं खूळ काढा. आपल्या महाराष्ट्रात १९७१ चा कायदा आहे, अर्जाच्या आधीचे सहा महिने ३० टक्के कामगार सभासद असले की मान्यता, मग पुढचे करार तुमच्याच सहीने. पेटी नाही, चिठ्ठी नाही.

त्यामुळे पावती पुस्तक आधी छापा, कामगार नंतर शोधा.

वर्गणीचं टेन्शन घेऊ नका, कायद्यात किमान महिना ५० पैसे आहे.

सह्यांचं काय म्हणता? अहो त्यातच तर खरी कला आहे. आमच्या कंपनीत (नाव सांगत नाही, करार लटकलाय) दोन युनियनचा दावा लागला, कोर्टाचे तपास अधिकारी रजिस्टर घेऊन आले आणि तेव्हा मला कळलं की ज्या युनियनला मी कँटीनमध्ये रोज शिव्या घालतो तिचाच मी सभासद आहे, तोही एकही महिना न चुकवता वर्गणी भरणारा! टोकन नंबर माझा, नाव माझं, सही मात्र अशी झकास की माझी चेकवरची सही बँक परत पाठवते तिथे मी हाच माणूस ठेवला असता कामाला. बरं हरकत घ्यावी तर ती घ्यायची कुठे, एचआरच्या काचेच्या केबिनमध्ये, बाहेर सुपरवायझर उभा, आत साहेब प्रेमाने विचारणार "सांगा, मोकळेपणाने सांगा, कोणाचे सभासद?" आता ज्याची कन्फर्मेशनची ऑर्डर निघायचीय तो पोरगा काय मोकळेपणाने सांगणार, डोंबल?

प्रकरण अंगाशी आलं तर वकील बदला, आपोआप पुढची तारीख मिळते.

कोणी रेल्वेचं नाव काढलं तर विषय बदला. बारा लाखांच्या आसपास कर्मचारी, देशभर पसरलेले, तरी डिसेंबर २०२४ मध्ये मान्यतेसाठी गुप्त मतदान झालं. सुप्रीम कोर्टाने तर १९९५ मध्येच अन्न महामंडळाच्या केसमध्ये मतदान कसं घ्यायचं ते आखून दिलंय. आमच्या शॉप फ्लोअरवर मात्र पेटी ठेवायला जागा नाही.

अमेरिकेचा दाखला मात्र जरूर द्या. तिथे २००९ मध्ये युनियनवालेच म्हणत होते की मतदान नको, कार्डावरच्या सह्या धरा. का म्हणत होते ते सांगू नका. मतदानाचा दिवस येईपर्यंत तिथला मालक कामगारांना ड्युटीवर सक्तीने बसवून युनियनविरुद्ध भाषणं ऐकवायचा म्हणून. आणि तिथले मालक तेव्हा गुप्त मतदानाचे असले कट्टर भक्त झाले होते की त्यातला एखादा आमच्या एचआरला आणून दाखवावासा वाटतो. ज्याला जी मोजणी सोयीची, तीच त्याची लोकशाही.

आणि गिरण्यांचं तर बोलूच नका. १९८२ ला अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, पण १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने त्यांच्या वतीने बोलणार कोण, तर कायद्याने मान्य केलेली दुसरीच युनियन, राष्ट्रीय मिल मजदूर संघ! हा कायदा रद्द करा ही मागणीच होती. कायदा राहिला, गिरण्या गेल्या.

२०२० च्या केंद्राच्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत आता अनेक युनियन असतील तिथे एकटीने वाटाघाटी करायला ५१ टक्के लागतात, मोजायचे कसे ते परत नियमांवर सोडलंय. चालू द्या.

जाऊ दे, नाही जमत मला हे गोड बोलणं. अरे सोसायटीच्या चेअरमनसाठी मतदान, पतपेढीला मतदान, आणि माझा तीन-चार वर्षांचा पगार जो ठरवणार त्याला मी निवडलं की नाही हे विचारायला कोणाच्या बापाचं काय जातं? पुढाऱ्यांनो, सभासद आहेत म्हणता ना, मग पेटीला घाबरता कशाला? आणि माझ्या कामगार भावांनो, तुम्हीही काही कमी नाही आहात. समोर आला कागद की कर सही, कोणाचा कागद, कशासाठी, विचारायचं नाही, करार पडला की मग माझ्यासमोर गळा काढायचा. पुढच्या तारखेआधी कोर्टाच्या देखरेखीखाली मतदान घ्या म्हणून लेखी अर्ज द्यायचाय, कागद माझ्याकडे तयार आहे. सेकंड शिफ्ट सुटल्यावर गेटवर या, आणि सही करायच्या आधी या वेळी तरी वाचा.