चांगथांगच्या कुरणांकडे जाताना पैसे वाचवा, दिवस वाचवू नका

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतील तीन कुटुंबे येत्या जुलैत पूर्व लडाखमधील चांगथांगच्या गवताळ पठारावर जायचे म्हणत आहेत आणि खर्च किती येतो, हे विचारायला ती एकेक करून आमच्याकडे येऊन गेली. आम्ही दोघे गेल्या जुलैत तिथे जाऊन आलो, म्हणून प्रत्येकाला निरनिराळे सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहीत आहे. आकडा आधीच सांगते. घरातून निघून घरी परत येईपर्यंत अठरा दिवसांत आम्हाला माणशी साधारण ३१ हजार रुपये लागले. त्याच्या आदल्या वर्षी एका सहल कंपनीबरोबर लेहची सहा रात्रींची सहल केली होती, तिला विमानभाडे धरून याच्या जवळजवळ दुप्पट खर्च आला होता आणि चांगथांगच्या नावाने पदरात पडली ती पांगोंग सरोवराच्या काठावरची एक रात्र.

ती रात्र मी विसरू शकत नाही. सोमवारी विमानाने लेहला उतरलो, मंगळवारी खारदुंग ला हा उंच घाट दाखवला, बुधवारी पांगोंग. जेवणानंतर माझ्या मोठ्या दिरांचे डोके ठणकू लागले, मग उलट्या सुरू झाल्या आणि बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा ६८ दिसला. अशा वेळी सर्वांत महत्त्वाचा इलाज म्हणजे ताबडतोब खाली उतरणे. पण पांगोंगहून लेहला उतरायचे तर आधी ५,३०० मीटरहून उंच असलेला चांग ला ओलांडावा लागतो, म्हणजे खाली जाण्यासाठी आधी आणखी वर जावे लागते. काळोखात, गाडीच्या मागच्या सीटवर त्यांचे डोके मांडीवर घेऊन मी तो घाट चढले. दोन दिवस रुग्णालयात ऑक्सिजन लावल्यावर ते बरे झाले. ही चूक दिरांच्या प्रकृतीची नव्हती, वेळापत्रकाची होती, आणि ते वेळापत्रक दिवसांची काटकसर करून आखलेले होते.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की, चांगथांगच्या प्रवासात कात्री लावायचीच असेल तर ती गाडी, हॉटेल आणि विमान यांवर लावावी, दिवसांवर कधीही लावू नये. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि चांगथांगमधील बहुतेक मुक्काम ४,५०० मीटरच्या आसपास आहेत, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही खाली असतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असे उंचीवरच्या आजारांचे वैद्यक सांगते. सगळी आखणी याच नियमावर बसवावी लागते. आम्ही लेहला चार रात्री राहिलो, त्यानंतर थेट त्सो मोरिरी सरोवर न गाठता वाटेत सिंधूच्या काठी चुमाथांगला मुक्काम केला. ते सुमारे चार हजार मीटरवर आहे, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि राहायला साध्या खोल्या मिळतात. मग त्सो मोरिरीच्या काठचे कोरझोक गाव. दोघांपैकी एकाचेही डोके दुखले नाही.

विमान टाळण्याचे कारण केवळ पैसे नव्हते. वांद्रे टर्मिनसहून कटऱ्याला जाणारी स्वराज एक्स्प्रेस, पुढे २०२५ पासून सुरू झालेली कटरा–श्रीनगर रेल्वे आणि श्रीनगरहून सामायिक टॅक्सीने कारगिलमार्गे लेह, असा मार्ग आम्ही घेतला. कारगिल सुमारे २,७०० मीटरवर असल्याने तिथली एक रात्र शरीराला पायरीसारखी उपयोगी पडते. परतताना मनालीमार्गे उतरलो. जुलैत अमरनाथ यात्रेमुळे जम्मूकडच्या गाड्या आणि सोनमर्गचा रस्ता दोन्ही गजबजलेले असतात, म्हणून रेल्वेचे आरक्षण ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी करावे. आता ते १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडते.

गाडी हा सर्वांत मोठा खर्च आहे. लेहमध्ये टॅक्सी संघटनेने ठरवलेले दर असतात, ते छापील मिळतात आणि घासाघीस करायला फारसा वाव नसतो. दोघांनी चार दिवस गाडी घेतली तर अंदाजपत्रक तिथेच कोसळते. परंतु लेहच्या बाजारात आणि चांगस्पा भागात प्रवास कंपन्यांच्या दाराबाहेर सहप्रवासी हवे असल्याच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. लेहच्या चार दिवसांत आम्हाला नागपूरचे एक जोडपे आणि बंगळुरूचे दोन विद्यार्थी भेटले आणि भाड्याचे सहा वाटे झाले. ज्याच्या हातात दिवस आहेत, त्यालाच अशी सोबत शोधता येते. सीमेलगतच्या भागात जाण्यासाठीचा इनर लाइन परवानाही या मुक्कामात ऑनलाइन निघतो. त्याच्या पाच-सहा छापील प्रती जवळ ठेवाव्यात, कारण माहे पुलासारख्या नाक्यांवर एकेक प्रत द्यावी लागते. मोबाइल पोस्टपेड हवा, आपल्याकडचे प्रीपेड सिम तिथे चालत नाही.

हंगामाबद्दल एक सांगायलाच हवे. मुलांना मे महिन्यात सुट्टी असते म्हणून मे महिन्यात जाऊ नये. तेव्हा मनालीचा रस्ता उघडलेला असेलच असे नाही आणि गवतही नसते. आपल्याकडे ठाणे-बेलापूर रस्ता पावसात बुडालेला असतो, तेव्हा पर्जन्यछायेतल्या त्या पठारावर उन्हाळा चालू असतो. जूनअखेर ते ऑगस्ट हाच काळ खरा. शाळा बुडते ही अडचण मला मान्य आहे, पण लहान मुलांना इतक्या उंचीवर नेण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलणे त्याहून आवश्यक आहे.

आता त्या गवताबद्दल. ‘चांगथांग’ म्हणजे उत्तरेकडचा माळ. त्याचा बहुतेक भाग तिबेटमध्ये आहे आणि पश्चिमेची कड आपल्याकडे येते. आपल्या डोळ्यांसमोर येते तसे कमरेएवढे गवत तिथे कुठेच नाही. लांबून सगळा माळ पिवळट, ओसाड वाटतो. गाडीतून उतरून गुडघे टेकले की वीतभरही नसलेले गवताचे झुबके दिसतात, त्यांच्यामध्ये हातभर उघडी माती. हिरवेगार असते ते फक्त ओढ्याकाठचे दलदलीचे कुरण. या तुटपुंज्या चाऱ्यावर तिथल्या चांगपा पशुपालकांच्या शेळ्या, मेंढ्या आणि याक जगतात, शिवाय कियांग हे रानगाढवही. गवत वाढायला वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने मिळतात. त्यामुळे छायाचित्रासाठी गाडी रस्ता सोडून कुरणात घातली, तर चाकांचे चर वर्षानुवर्षे राहतात. आमच्या चालकाने ते जुने चर दाखवले आणि सहप्रवाशांपैकी एकाने आग्रह करूनही गाडी रस्त्याखाली उतरवली नाही. त्यांच्याविषयी मला अतिशय आदर वाटला.

कोरझोकला आम्ही तंबूंच्या छावणीत न राहता गावातील एका घरात तीन रात्री राहिलो. दोन वेळचे जेवण धरूनही ते छावणीच्या निम्म्या दरात पडले. दुसऱ्या दिवशी घरातल्या आमा-ले, म्हणजे आई, आम्हाला वरच्या कुरणात त्यांच्या मुलीच्या रेबोवर घेऊन गेल्या. रेबो म्हणजे याकच्या केसांच्या कापडाचा काळा तंबू. तिथे पश्मिना काढण्याचे काम चालू होते. शेळीचे पाय बांधून तिला आडवी केली होती आणि त्यांची मुलगी वाकड्या दातांच्या लोखंडी फणीने तिच्या बगलेतली लव विंचरत होती, कातरत नव्हती. प्रत्येक ओढीला फणीच्या दातांत राखाडी धुके अडकावे तशी लव जमा व्हायची. तिने ती माझ्या तळहातावर ठेवली. वजन जाणवलेच नाही, फक्त ऊब जाणवली. वर्षाकाठी एका शेळीपासून साधारण पाव किलोच्या आतच लव मिळते आणि तीही न निवडलेली. नंतर खारट चहात सातूचे पीठ कालवून आम्ही सगळ्यांनी खाल्ले. सातू माझ्या आजीच्या घरी असायचे, त्यामुळे ती चव मला परकी वाटली नाही.

स्वस्त प्रवास म्हणजे स्थानिकांच्या हाती कमी पैसे, असा अर्थ कोणी घेऊ नये. विमान, मोठे हॉटेल आणि मध्यस्थ यांचे पैसे वाचले, म्हणूनच आम्ही त्या घरात दर न पाडता राहू शकलो. कचऱ्याचेही तसेच आहे. छावण्यांच्या उकिरड्यांवर भटकी कुत्री पोसली जातात आणि तीच कुत्री काळ्या मानेच्या क्रौंचांची अंडी आणि पिल्ले खातात. भारतात हा पक्षी प्रामुख्याने याच पठारावर वीण घालतो. वेष्टने आणि प्लॅस्टिक आम्ही पिशवीत भरून लेहपर्यंत परत आणले, त्यासाठी एक रुपयाही लागला नाही.

त्सो मोरिरीच्या काठावर पट्टकदंबांची पिल्ले पाण्यात उतरताना पाहिली. हिवाळ्यात हेच हंस भिगवणला उजनीच्या पाण्यावर दिसतात, दोन वर्षांपूर्वी मी त्यांना तिथे पाहिले होते. ती पिल्ले पाहताना आम्ही तासभर काठावर बसून होतो आणि कोणीही आम्हाला ‘चला, पुढचे ठिकाण राहिले आहे’ असे म्हटले नाही. तिथून पुढे हानलेला दोन रात्री होतो. भारतीय खगोलीय वेधशाळा तिथे आहे आणि २०२२ मध्ये परिसराला काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र जाहीर केले आहे. एका रात्री ढग होते, दुसऱ्या रात्री आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत दिसली. एकच रात्र ठेवली असती तर ती ढगांची ठरली असती.

येत्या रविवारी तिन्ही कुटुंबे आमच्याकडे बसणार आहेत. तेव्हा मी माझी खर्चाची वही त्यांना देईन. तिच्या पहिल्या पानावर खर्च नाही, फक्त मुक्कामांची उंची आणि रात्री लिहिल्या आहेत: लेह ३,५००, चार रात्री, चुमाथांग ४,०००, एक रात्र, कोरझोक ४,५००, तीन रात्री, हानले ४,३००, दोन रात्री.