सी लॉक कर की बे!

रात्री नऊ वाजले की आमच्याकडे ताटात कडक भाकरी असते आणि टीव्हीवर प्रश्नमंजूषा. या दोन गोष्टींचं एकमेकींशी अजिबात जमत नाही. ज्वारीची कडक भाकरी दाताखाली गेली की कानात खडीचा ट्रक रिकामा होतो. त्यात आपल्या भाषांची खोड अशी की नकार वाक्याच्या शेवटी येतो. "नानावटी खटल्यात यांपैकी कोण आरोपीचे वकील..." इथवर नीट ऐकू येतं. मग कडाड. पुढचं "नव्हते?" भाकरीत जातं.

"राम जेठमलानी! लॉक कर की बे!" सगळं घर ओरडतं. हिरवा दिवा जेठमलानींवरच लागतो आणि घरात जल्लोष होतो. उत्तर बरोबर, कारण साफ चूक. नौदलातल्या कमांडर नानावटींचा बचाव केला कार्ल खंडालावाला यांनी. जेठमलानी होते नानावटींनी गोळी घालून मारलेल्या प्रेम अहुजाच्या बहिणीतर्फे, म्हणजे सरकारी पक्षाच्या पाठीशी. पण हे सांगायला गेलं की मेव्हणे म्हणतात, "बरोबर आलं नव्हं? मग गप की."

खटल्यांवरचे प्रश्न हा प्रश्नमंजूषेतला सगळ्यात कज्जेदलाल प्रकार. नदी विचारली, राजधानी विचारली, तर माणूस चुकतो आणि गप बसतो. खटल्याचं विचारलं की प्रत्येकाला वाटतं, आपण त्या दिवशी कोर्टात पहिल्या बाकावर होतो. याच नानावटीचं घ्या. १९५९ चा गोळीबार. ज्यूरीने, म्हणजे निवाड्याला बसवलेल्या नऊ साध्या नागरिकांनी, आठ विरुद्ध एक मतांनी "निर्दोष" म्हटलं, सेशन्स जज्जांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या शेपटाला एक वाक्य हमखास चिकटतं: "आणि तो भारतातला शेवटचा ज्यूरी खटला!" तसा तो नव्हता. नंतरही काही ठिकाणी ज्यूरी बसत राहिली. मुळासकट गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. पण शेजारचे अण्णा या मुद्द्यावर सुप्रीम कोर्टालाही जुमानणार नाहीत.

पर्याय मांडणारा माणूस फार पोचलेला असतो. चारातला एक बरोबर, एक भरतीचा, एक नुसता नावाजलेला आणि एक बरोबरच्या भिंतीला भिंत लावून राहणारा. घात करतो तो हा शेजारी. आता हा प्रश्न बघा: "लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला कोणत्या न्यायमूर्तींसमोर चालला?" ए स्ट्रॅची, बी दावर, सी बॅचलर, डी ब्रूमफील्ड. अण्णा प्रश्न संपायच्या आत "दावर!" म्हणून मोकळे. अहो, साल कुठंय? १८९७ असेल तर स्ट्रॅची, शिक्षा अठरा महिने. १९०८ असेल तर दावर. ज्यूरी सात विरुद्ध दोन, सहा वर्षं काळं पाणी, मुक्काम मंडाले. १९१६ असेल तर बॅचलर, आणि तिथे टिळक सुटले. ब्रूमफील्डचा टिळकांशी संबंध एवढाच की १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना शिक्षा देताना त्याने टिळकांचं माप लावलं, सहा वर्षं. म्हणजे भरतीचा म्हणून टाकलेला पर्यायसुद्धा ओळखीचाच.

यातली खरी गंमत मात्र कुणी विचारत नाही. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर हेच दिनशा दावर. अकरा वर्षांनी तेच न्यायासनावर, समोर पुन्हा टिळकांचाच जामीन अर्ज आणि तो मांडायला बॅरिस्टर जिना. दावरांनी नाकारला. खटला मग टिळकांनी स्वतःच लढवला. "१९०८ चा खटला जिनांनी लढवला" असं कुणी म्हणालं, तर समजावं की त्याने जामिनात १९१६ कालवलं. सोळा साली जिना लढले आणि जिंकलेही.

परदेशी खटल्यांत आमचं घर जरा नरमतं, पण चुका ठरलेल्या. अमेरिकेतल्या सेलम गावच्या चेटकिणींना जाळलं? १६९२ मध्ये तिथे एकोणीस जणांना फाशी दिलं आणि एका म्हाताऱ्याला दगडाखाली चिरडलं. जाळलं कुणालाच नाही. शिकागोचा गुंड अल कपोन खुनात गेला? १९३१ मध्ये तो आत गेला इन्कम टॅक्स बुडवल्याबद्दल, हे ऐकून घरातला व्यापारी पक्ष पाणी मागतो. आपल्याकडेही तेच. भगतसिंगांना असेंब्लीतल्या बॉम्बसाठी फाशी? बॉम्बसाठी जन्मठेप होती. फाशी साँडर्स या पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाच्या प्रकरणात, लाहोरच्या खटल्यात.

लाइफलाइनचा इथे उपयोग शून्य. प्रेक्षकांनी पाहिलेला सिनेमा आपणही पाहिलेला असतो, त्यामुळे सगळे मिळून तीच चूक करतात. फिफ्टी-फिफ्टीनंतर, अण्णांच्या मते, शेजारीच उरतो. आम्ही घरापुरता उपाय काढलाय: प्रश्न संपेपर्यंत भाकरी दुधात किंवा आमटीत बुडवायची. आवाज होत नाही, पण "मग कडक कशाला केली?" हा वेगळा खटला उभा राहतो.

आमच्या गावचा प्रश्न काही येत नाही. १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरच्या चौघा हुतात्म्यांना कोणत्या तुरुंगात फाशी दिलं? आला, तर निम्मं घर "सोलापूर!" म्हणेल, बरोबर उत्तर येरवडा. या चौघांचे पुतळे गावात आहेत; रिक्षावाल्याला नुसतं "चार पुतळ्याजवळ सोडा" म्हटलं की भागतं, म्हणून नावं कुणी घोकलेली नाहीत. तीन झटक्यात येतात, चौथं अडकतं, आणि प्रत्येकाचं वेगळं. अण्णांना मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आठवतात. मेव्हण्यांचे शिंदे राहतात, पण श्रीकिसन सारडा सापडतात. दोघांचं जोडून चार होतात, तोवर स्पर्धकाने भलतंच काहीतरी लॉक केलेलं असतं आणि भाकरी दुधात विरघळून वाटीच्या तळाला गेलेली असते.