एमजी टीडीच्या ऑइल चेंबरच्या बोल्टबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे, की १९५१ सालच्या एमजी टीडी या ब्रिटिश मोटारगाडीच्या ऑइल चेंबरसाठी (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यासाठी) आमच्याकडून मागवलेले २४ बोल्ट दोन-तीन वेढे आत जाऊन अडकले, मिस्त्रींनी पान्याने जोर दिल्यावर ब्लॉकमधील दोन भोकांचे आटे बिघडले, आणि पैसे परत मागितल्यावर काउंटरवरून ‘पाकीट फोडलेले आहे’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी आपण लिहिले आहे की आमचे बोल्ट मापात नाहीत. हे शेवटचे विधान वगळता आपली तक्रार रास्त आहे.

आपण परत पाठवलेले बोल्ट मी स्वतः पिच गेजवर, म्हणजे दोन आट्यांमधील अंतर (पिच) मोजण्याच्या साधनावर, तपासले. ते पाच बाय सोळा इंच बीएसएफचे (बारीक आट्यांच्या जुन्या ब्रिटिश मापाचे), म्हणजे आपल्या बाजारात ज्याला अडीच सूत म्हणतात त्या जाडीचे आणि दर इंचाला २२ आट्यांचे आहेत. मागणीत आपण हेच माप लिहिले होते व तेच आम्ही पाठवले. मात्र त्याच मागणीच्या खाली ‘टीडी इंजिन, चेंबरसाठी’ अशी ओळही होती. ती वाचून आमच्या माणसाने पाकीट बांधण्याऐवजी आपल्याला फोन करायला हवा होता, कारण त्या इंजिनला बीएसएफ बोल्ट लागत नाहीत. चूक तेथे झाली आणि ती आमची आहे.

गाडी अस्सल इंग्रजी, पाना व्हिटवर्थचा (जुन्या ब्रिटिश मापाचा) बसतो, तेव्हा बोल्टही इंग्रजी मापाचाच असणार, हा आपला तर्क कोणीही केला असता. या एका इंजिनापुरता तो फसतो. टीडीमधील १२५० सीसीचे एक्सपॅग इंजिन मॉरिस या ब्रिटिश मोटार कंपनीच्या घराण्यातले आहे. मॉरिसने १९२३ साली कॉव्हेंट्री येथील इंजिनांचा जो कारखाना विकत घेतला, तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच शस्त्रनिर्मात्यांचा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो तेथे उभा राहिला आणि त्यातील यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी होती. ती बदलण्याचा खर्च करण्यापेक्षा आटे मेट्रिकच ठेवावेत, आणि इंग्लंडमधील गॅरेजवाल्यांच्या हाती असलेले पाने चालावेत म्हणून बोल्टचे डोके तेवढे व्हिटवर्थच्या मापाचे करावे, असा मार्ग तेथे निघाला. (मला तो कारकुनी तडजोडीचा नमुना वाटतो, पण पुढे तीन दशके तो चालला.) त्यामुळे आपल्या चेंबरचा बोल्ट ८ मिमी जाडीचा व १ मिमी पिचचा आहे आणि त्याच्या डोक्याला पाव इंची व्हिटवर्थचा पाना बसतो. पाच बाय सोळा बीएसएफच्या त्या काळच्या बोल्टलाही हाच पाना लागतो. पाना बोल्टच्या डोक्याचे माप सांगतो, आट्यांचे नव्हे.

आता ‘मापात नाहीत’ या आक्षेपाविषयी. पाच बाय सोळा इंच म्हणजे ७.९४ मिमी. आठ मिमीच्या भोकात असा बोल्ट सहज सुरू होतो आणि बसतो आहे असे हाताला वाटते. परंतु त्याची पिच १.१५ मिमी आहे, त्यामुळे तिसऱ्या वेढ्यापर्यंत जवळजवळ अर्ध्या आट्याचा फरक साचतो. शिवाय बीएसएफच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा आणि मेट्रिकचा ६० अंशांचा. तेथून पुढे पान्याचा जोर आट्यांवरच येतो. मिस्त्रींनी नंतर हार्डवेअरच्या दुकानातला साधा आठ एमएमचा बोल्ट लावून पाहिला आणि तोही अडकल्यामुळे ब्लॉकच बाद झाला असे सांगितले, असे आपण लिहिले आहे. तो निष्कर्ष घाईचा आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या आठ एमएमच्या बोल्टची पिच १.२५ मिमी असते, म्हणजे तो आमच्या बोल्टपेक्षाही अधिक चुकीचा होता. सव्वाच्या पिचचा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) त्या भोकांत कृपया मारू देऊ नका. तसे झाले तर जे आटे आज शाबूत आहेत तेही जातील. आठ बाय एकचा टॅप तेल लावून हाताने, अर्धा वेढा पुढे आणि पाव वेढा मागे असा फिरवल्यास बिघडलेली भोके बहुधा साफ होतील. न झाल्यास त्याच मापाचे हेलिकॉइल, म्हणजे भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवता येते. ओतीव लोखंडात ते उत्तम टिकते.

एक खबरदारी मात्र घ्यावी. वरील स्पष्टीकरणावरून संपूर्ण गाडी मेट्रिक समजू नये. त्याच टीडीच्या चॅसीवर आणि बॉडीवर बहुतांशी बीएसएफ आहे, विजेच्या जोडण्यांचे बारीक स्क्रू बीए या आणखी एका ब्रिटिश मापाचे आहेत, आणि १९५५ मध्ये आलेल्या एमजीए या मॉडेलचे इंजिन पाहिले तर तेथे यूएनएफ हे अमेरिकी धर्तीचे माप सापडते. म्हणून आमचे बोल्ट फेकू नयेत असे मी एरवी म्हटले असते, पण आपण ते परत केलेलेच आहेत.

पैशांविषयी. फोडलेले पाकीट परत न घेण्याचा आमचा नियम ग्राहकाने मन बदलले तर लागू होतो, माप चुकले तर नव्हे. काउंटरवरील उत्तर चुकीचे होते. बोल्टची पूर्ण किंमत आणि दोन्ही वेळचा कुरिअर खर्च आज आपल्या खात्यात जमा केला आहे. दोन भोकांच्या दुरुस्तीचे बिल आल्यास त्यातील निम्मी रक्कम आम्ही देऊ. पान्याने जोर देण्याचा निर्णय आमचा नव्हता, म्हणून पूर्ण देणे मला पटत नाही. आपण तारे बदलावेत असा आग्रह नाही. यापुढे मागणीत इंजिनाचा उल्लेख असेल तर जुना बोल्ट किंवा त्याचे पट्टीसह छायाचित्र पाहिल्याशिवाय माल निघणार नाही, अशी सूचना काउंटरवर लावली आहे.

योग्य डोक्याचे आठ बाय एकचे बोल्ट नेहमीच्या दुकानांत तयार मिळत नाहीत. आम्ही ते षट्कोनी सळईतून लेथवर करून देतो आणि २४ नगांना साधारण आठ दिवस लागतात. आपल्याकडे मूळचा एखादा बोल्ट शिल्लक असल्यास त्याच्या आट्यांवर पट्टी ठेवून दहा पिचचे अंतर मोजावे. ते १० मिमी भरले तर तोच बोल्ट कागदात गुंडाळून आमच्याकडे पाठवा. लांबी आणि डोक्याची उंची त्यावरूनच घेऊ.