फ्रान्सेस्कोली म्हणजे फक्त झिदानचा हिरो नव्हे

फुटबॉलपटू एन्झो फ्रान्सेस्कोलीवरच्या लेखात त्याची ओळख 'ज्याच्यावरून फ्रान्सच्या झिदानने पोराचं नाव एन्झो ठेवलं तो' एवढ्यावरच उरकलीये, हे काही पटलं नाही. झिदानने त्याला बघितलं त्या मार्सेल या फ्रेंच क्लबला तर तो एकच सीझन होता, 1989-90. त्याची खरी क्रेझ ब्युनोस आयर्सला, रिव्हर प्लेट क्लबमध्ये, माणूस उरुग्वेचा आणि अख्खं स्टेडियम 'उरुग्वाशो, उरुग्वाशो' (म्हणजे 'उरुग्वेवाला') गातंय, अर्जेंटिनात असं प्रेम मिळणं सोपं नाही हो! 1986 ला रिव्हरकडून पोलंडच्या राष्ट्रीय टीमविरुद्ध बॉल छातीवर घेतला, गोलकडे पाठ, आणि तिथूनच हवेत उलटी किक, रिव्हर 5-4 ने जिंकले. काय टायमिंग राव, ती क्लिप मी अजून बघतो. 1996 ला चौतिसाव्या वर्षी कॅप्टन म्हणून रिव्हरला लिबर्तादोरेस (दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) पण जिंकून दिली, त्याबद्दल लेखात एक ओळ तरी हवी होती.