‘अर्धशिशी आहे? मग एचआरटी विसरा’: या संदेशात नेमकं काय चुकतं

पाळी जायच्या वयातल्या बायकांसाठी एक संदेश सध्या फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: अर्धशिशी असलेल्या बाईने एचआरटीला (पाळी जाताना कमी होणारी हार्मोन्स बाहेरून देण्याच्या उपचाराला) हात लावू नये, ऑरा (डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमक किंवा नागमोडी रेषा दिसणं, मुंग्या येणं) असेल तर पक्षाघात ठरलेलाच. पाळी गेली की डोकेदुखी आपोआप थांबते, तोवर वेदनाशामकावर निभवावं. एचआरटीवर डोकं दुखलं तर ती त्याच दिवशी सोडावी. आणि घ्यायचीच असेल, तर आधी रक्तातली हार्मोन्स मोजून डोस ठरवावा. यातल्या बहुतेक वाक्यांत खऱ्याचा एक तुकडा आहे, म्हणूनच ती पटतात.

‘ऑरा असेल तर पक्षाघात ठरलेलाच.’ हा नियम गर्भनिरोधक गोळ्यांचा आहे, तो इथे उचलून लावला आहे. संयुक्त गर्भनिरोधक गोळीत बहुधा एथिनिल इस्ट्राडायॉल असतं. हे कृत्रिम इस्ट्रोजेन यकृतावर जोरकस परिणाम करतं आणि रक्त गोठवणारे घटक वाढवतं. म्हणून ऑरा असलेल्यांना ती गोळी देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आजच्या एचआरटीत बहुतेक वेळा शरीरात तयार होतं तेच इस्ट्राडायॉल असतं. ते पॅच किंवा जेलमधून त्वचेवाटे गेलं, तर आधी यकृतातून जात नाही. ५० मायक्रोग्रॅमपर्यंतच्या पॅचने पक्षाघाताचा किंवा गुठळीचा धोका वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. तोंडाने घ्यायच्या गोळीने मात्र तो थोडा वाढतो. म्हणजे ऑरा असेल तर गोळी टाळायची, त्वचेवाटे द्यायचं आणि ज्यावर भागेल तेवढाच डोस ठेवायचा. सिगारेट आणि वाढलेला रक्तदाब यांचा बंदोबस्त त्याआधी, कारण पक्षाघाताचं खरं ओझं तिथे आहे.

या भीतीचं मूळ बरंचसं २००२ साली गाजलेल्या अमेरिकी ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ अभ्यासात आहे. त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. त्यांना घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनची ०.६२५ मिलिग्रॅमची गोळी मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या, कृत्रिम हार्मोनसोबत दिली होती. पन्नाशीतल्या बाईच्या पॅचला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

‘पाळी गेली की थांबतं.’ ऑरा नसलेली अर्धशिशी नैसर्गिक रजोनिवृत्तीनंतर अनेकींची कमी होते, हे खरं. पण शेवटच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी नाही. हार्मोन्सची पातळी स्थिरावायला वेळ लागतो आणि त्याआधीची काही वर्षंच सगळ्यांत वाईट जातात, कारण त्या काळात इस्ट्रोजेन चढतं-कोसळतं. अर्धशिशी भडकते ती या घसरणीने, हे संशोधक सॉमरव्हिल यांनी १९७२ मध्येच दाखवलं होतं: पाळीआधी इस्ट्राडायॉलचं इंजेक्शन दिलं, तर पाळी वेळेवर आली, डोकेदुखी मात्र पुढे गेली. शस्त्रक्रियेने अंडाशय काढले, तर ही घसरण एका झटक्यात होते आणि त्रास बरेचदा वाढतो. ऑरा असलेल्या अर्धशिशीला तर पाळी गेल्याने आराम पडेलच, असा भरवसा नाही.

‘डोकं दुखलं, त्याच दिवशी सोडा.’ सगळ्यांत नुकसान करणारा सल्ला हाच. एकदम सोडणं म्हणजे पुन्हा तीच घसरण, आपल्या हाताने घडवलेली. सोडण्याआधी कधी दुखतं ते पाहा. वहीत रोज पाच गोष्टी लिहा: रक्तस्राव, अंगातून गरम वाफा, डोकेदुखी सुरू झाल्याची वेळ, घेतलेली गोळी, पॅच बदलल्याचा दिवस. दोन-तीन महिन्यांत बहुधा नमुना दिसतो.

आठवड्यातून दोनदा बदलायचा पॅच सोमवार-गुरुवार लावला, तर एक अंतर तीन दिवसांचं आणि दुसरं चारचं होतं. रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे डोकं ठणकत असेल, तर चौथ्या दिवशी पॅच कमी पडतोय असा अंदाज बांधता येतो. मग डॉक्टरांशी बोलून दर तीन दिवसांनी बदलून पाहावा, किंवा जेलवर जावं. कधी कधी गडबड याहून साधी असते: तेल-लोशन लावलेल्या त्वचेवर पॅच धरत नाही आणि त्याची कड सुटते. कमरेखाली, कोरड्या त्वचेवर लावून तळव्याने दहा सेकंद दाबायचा. जागा दर वेळी बदलायची, स्तनांवर कधीच नाही. जेलच्या पंपाचे रोज दोन दाब असतील, तर एक सकाळी, एक रात्री असे विभागल्याने चढउतार आणखी कमी होतो. जेल लावल्यावर पाच मिनिटं वाळू द्यायचं, तासभर धुवायचं नाही.

महिन्यातल्या ठरावीक १२-१४ दिवसांतच दुखत असेल, तर संशय प्रोजेस्टेरॉनवर, म्हणजे इस्ट्रोजेनच्या जोडीला त्या दिवसांत दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या हार्मोनवर. गर्भाशय असेल तर ते वगळता येत नाही, नाहीतर आतलं अस्तर वाढत जातं आणि कर्करोगाचा धोका येतो. पण पद्धत बदलता येते: महिन्यातले काही दिवस २०० मिलिग्रॅमऐवजी रोज रात्री १०० मिलिग्रॅम मायक्रोनाइज्ड (बारीक कणांचं) प्रोजेस्टेरॉन, किंवा गर्भाशयात बसवायचं, ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं हार्मोन) असलेलं साधन. पाळी अजून येत असेल, तर रोजच्या गोळीने अवेळी डाग लागतात. तिथे साधन सोयीचं पडतं.

सुरुवात २५ मायक्रोग्रॅमच्या पॅचने किंवा जेलच्या एका दाबाने करावी. डोस वाढवायला चार-सहा आठवडे थांबावं, निकाल तीन महिन्यांनी लावावा. पहिल्याच आठवड्यात ५० वर उडी मारली की डोकं धरतं आणि दोष औषधाला जातो. एक अपवाद: एचआरटीवर ऑरा नव्याने सुरू झाला किंवा वाढला, तर इस्ट्रोजेन जास्त होत असण्याची शक्यता असते. थांबून न राहता डॉक्टरांना गाठा. बहुधा डोस उतरवावा लागतो.

‘आधी हार्मोन्स मोजा.’ पंचेचाळिशीनंतर, लक्षणं स्पष्ट असताना, या तपासणीने फारसं काही कळत नाही. आजचा आकडा पुढच्या आठवड्यात उलटा असतो.

‘तोवर वेदनाशामक.’ ट्रिप्टान (अर्धशिशीवरची खास औषधं) किंवा मिश्र वेदनाशामक महिन्यात १० दिवस, साधी पॅरासिटामॉल-आयबुप्रोफेन १५ दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की औषधामुळेच रोजची डोकेदुखी जडू शकते. ट्रिप्टान ऑरा चालू असताना नाही, दुखू लागताच घ्यायचं. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर अजिबात नाही. हार्मोन्स चालतच नाहीत, उदाहरणार्थ स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, अशांना व्हेन्लाफॅक्सिन हे मूळचं नैराश्यावरचं औषध एकाच वेळी गरम वाफा आणि अर्धशिशी दोन्हीला उपयोगी पडू शकतं; मात्र त्यावर रक्तदाब पाहत राहावा लागतो आणि तेही एकदम सोडायचं नसतं.

आणि सगळंच ‘हार्मोन’च्या खात्यावर मांडू नका. ऑरा काही मिनिटांत हळूहळू पसरतो आणि साधारण तासाभरात ओसरतो. एका बाजूची ताकद किंवा बोलणं क्षणात गेलं, तर थेट रुग्णालय. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, कानशील हात लावताच दुखणं, चावताना जबडा भरून येणं, नजर अंधूक होणं, असं असेल तर त्याच दिवशी ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) करून घ्या. कानशिलाच्या धमनीचा दाह असेल, तर उशीर दृष्टीवर बेततो.